एका रात्रीच्या गाढ झोपेमुळे बंद झालेली फाईल

प्रति,
मा. मुख्य वैद्यकीय निर्णय अधिकारी,
माजी सैनिक आरोग्य व पुनर्वसन कार्यालय,
दुसरा मजला, खोली क्रमांक २१.

विषय : माझ्या धाकट्या भावाला एक रात्र झोप लागली या कारणावरून बंद केलेली फाईल पुन्हा उघडण्याबाबत आणि पुनर्वसन केंद्राच्या यादीतील त्याची जागा परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) निद्रा तपासणी अहवाल, दिनांक २० फेब्रुवारी.
२) आपल्या कार्यालयाचे पत्र, दिनांक ९ मार्च.
३) याच फाईलबाबत गेल्या काही वर्षांतले माझे सहा अर्ज. (पोच मिळाली आहे.)

महोदय,

मी वय वर्षे सत्त्याहत्तर, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, आपल्या कार्यालयात फाईल असलेल्या एका माजी सैनिक-चालकाची थोरली बहीण. हा माझा सातवा अर्ज. आधीचे सहा अर्ज फार त्रोटक होते, असा शेरा खिडकी क्रमांक तीनवरच्या लिपिकसाहेबांनी तोंडी मारला, म्हणून हा सविस्तर लिहीत आहे. लांबला तर त्यांना विचारावे.

नियमाप्रमाणे भावाचा उल्लेख "रुग्ण" असा करायला हवा. दोनदा लिहून पाहिले, हात अडतो. घरात त्याला सगळे धाकटा म्हणत. त्या सगळ्यांतली आता मी एकटी उरले आहे आणि तो साठ वर्षांचा झाला आहे, पण धाकटाच आहे. तरी खाली जिथे "धाकटा" येईल तिथे कृपया रुग्ण असे वाचावे.

१. धाकटा सतरा वर्षांपूर्वीपर्यंत सैन्यात ट्रक चालवत होता. ताफा रात्री थांबला की चालकांनी आळीपाळीने झोपायचे, अशी त्यांची पद्धत. झोपायला जाणारा विचारतो, "पहारा कोणाकडे?" जोडीदार म्हणतो, "माझ्याकडे." हे कानांनी ऐकल्याशिवाय पाठ टेकायची नाही. त्या रात्री जोडीदार "माझ्याकडे" म्हणाला. तो बिचारा दोन रात्रींचा जागा होता. त्याला डुलकी लागली आणि तेवढ्यात कुणीतरी ट्रकजवळ बॉम्ब ठेवला. स्फोटात जोडीदार गेला. धाकटा केबिनमधून बाहेर फेकला गेला आणि त्याचे डोके दगडावर आपटले. जोडीदाराबद्दल त्याने आजवर एक वावगा शब्द काढलेला नाही. "झोप कुणाला येत नाही, अक्का?" एवढेच म्हणतो.

२. आपल्या कार्यालयाच्या पहिल्या फॉर्ममध्ये प्रश्न होता, "घटनेच्या वेळी आपण काय करीत होता?" धाकट्याने खरे ते लिहिले, "झोपलो होतो." त्यावर झोपेत झालेली इजा कर्तव्यावर झाली असे म्हणता येईल काय, असा मुद्दा निघाला आणि फाईल दोन वर्षे फिरली. शेवटी झोपण्याची पाळी हेही कर्तव्यच आहे, असे कुणा भल्या अधिकाऱ्याने लिहून दिले. ते अधिकारी कुठे असतील तिथे सुखात असोत.

३. तेव्हापासून त्याचे डोके दुखते. उजव्या कानामागून कळ निघते, मानेत उतरते आणि खांद्यात जाऊन बसते. दुखायला लागले की उजेड सोसत नाही. ओठांवर आलेला शब्द हरवतो. चहाचे आधण ठेवतो आणि ते कशासाठी ठेवले ते विसरतो. डोळा लागला की दचकून उठतो, उठला की डोके ठणकते, डोके ठणकते म्हणून डोळा लागत नाही. आपल्याकडे झोपेचा विभाग खोली चौदामध्ये आहे आणि वेदनेचा पंधरामध्ये, समोरासमोर. चौदामधले डॉक्टर म्हणाले, "आधी दुखणं थांबवा, झोप आपोआप येईल." पंधरामधले म्हणाले, "आधी झोप सुधारा, दुखणं आपोआप जाईल." दोन्ही दारांमध्ये सहा पावलांचे अंतर आहे. माझ्या भावाला ते कापायला नऊ वर्षे लागली आणि तो अजून मधल्या बाकड्यावरच बसलेला आहे.

तिसऱ्या मजल्यावर मनाचा विभाग आहे. तिथे छापील प्रश्न होता, "वाईट स्वप्ने पडतात का?" धाकटा म्हणाला, "स्वप्न पडायला आधी झोपावं लागतं, साहेब." डॉक्टर मनापासून हसले आणि त्यांनी "नाही" या चौकटीत खूण केली. ती खूण फाईलमध्ये आजही आहे. तिच्या आधारे वाईट स्वप्नांची तक्रार नाही, असे तीन पत्रांत आले आहे.

४. मग झोपेची नोंदवही आली. नव्वद दिवस रोज झोप लागल्याची वेळ लिहायची. पहिल्यांदा मी लिहून दिली, तर अक्षर रुग्णाचे नाही म्हणून परत आली. दुसऱ्यांदा धाकट्याने लिहिली. लिपिकसाहेब म्हणाले, "दहा चाळीसला झोप लागली असं इथं लिहिलंय. लिहीत होते म्हणजे जागे होते. मग झोप कशी लागली?" उत्तर धाकट्याने दिले. तो म्हणाला, "साहेब, मलाही सतरा वर्षं हेच कळत नाहीये."

५. आता जी गोष्ट आधीच्या अर्जांत नव्हती ती सांगते.

धाकटा झोपतो. मी जागी असले की झोपतो.

घरी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षी एका संध्याकाळी मी दाराजवळ विणत बसले होते. तो समोरच्या पलंगावर भिंतीकडे बघत पडला होता. पडल्या पडल्या त्याने विचारले, "अक्का, पहारा कोणाकडे?" मला वाटले, गंमत करतो आहे. मीही म्हटले, "माझ्याकडे." तो चार तास हलला नाही. श्वास चालू आहे ना, हे मी दोनदा उठून पाहिले.

मला त्याचे फारसे नवल वाटले नाही, कारण आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्येही हीच रीत होती. हातांनी पिना खोचून फोन जोडायचे ते दिवस. पाळी बदलताना नवी बाई शेजारी उभी राहायची, हेडफोन कानाला लावायची आणि म्हणायची, "बोर्ड घेतला." मग पाळीच्या वहीत दोन सह्या व्हायच्या, एक देणारीची आणि एक घेणारीची. घेणारीची सही झाल्याशिवाय देणारीने खुर्ची सोडायची नाही. एकदा माझ्या पाठची बाई पायाला लागून घरीच राहिली, तर मी सलग सतरा तास त्या खुर्चीवर होते. कुणी माझे कौतुक केले नाही. त्यात कौतुकासारखे काही नव्हतेच.

तेव्हापासून आमच्या घरात दोन पाळ्या आहेत. रात्री दहाला तो विचारतो, मी "माझ्याकडे" म्हणते आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसते. पहाटे साडेतीनला तो उठतो आणि म्हणतो, "दे इकडे." मग मी सातपर्यंत झोपते आणि तो बसतो. जागे राहण्यासाठी मी विणते. सुयांचा आवाज थांबला की तो झोपेतून ताडकन उठून बसतो, म्हणून थांबायची सोय नाही. सतरा वर्षांत एकशे चार स्वेटर झाले. पोस्टमन, दूधवाला, दवाखान्यातल्या परिचारिका, सगळ्यांना दिले. ओळखीत थंडी वाजणारे कुणी उरले नाही, म्हणून आता उसवते आणि तेच पुन्हा विणते.

धाकट्याने लग्न केले नाही. स्थळे सांगून येत होती तेव्हा सुट्टी मिळत नव्हती. कायमची सुट्टी मिळाली तेव्हा स्थळे येईनाशी झाली. त्यामुळे पाळीवर तिसरे माणूस नाही. एकदा मला ताप आला तेव्हा शेजारचे शिंपीकाका हौसेने बसले होते. "अहो, मी दिवाळखोर माणूस, मला तशीही झोप येत नाही," असे सांगून आले आणि अकरा वाजता घोरायला लागले. धाकट्याने त्यांच्या अंगावर पांघरूण घातले आणि सकाळपर्यंत त्यांचाच पहारा केला.

६. दिनांक १९ फेब्रुवारीला आपल्या निद्रा तपासणी कक्षात धाकट्याला एक रात्र बोलावले. नातेवाइकांना मनाई असल्यामुळे मी बाहेर होते. आत तपासनीस म्हणून एक तरुण मुलगी होती. तिने त्याच्या डोक्याला अठरा वायरी लावल्या, दिवा मंद केला आणि स्वतः काचेपलीकडे यंत्रासमोर बसली. धाकट्याने सवयीने विचारले, "आज पहारा कोणाकडे?" ती हसून म्हणाली, "माझ्याकडे, काका. मी रात्रभर इथंच आहे. तुम्ही बिनघोर झोपा."

आणि तो झोपला. सात तास वीस मिनिटे. सतरा वर्षांतली त्याची सर्वांत लांब झोप आपल्या सरकारी यंत्राने कागदावर काढून ठेवली आहे. सकाळी तो बाहेर आला तेव्हा मी आधी त्याचा चेहरा पाहिला. सैन्यात जाण्याआधीचा चेहरा होता तो. म्हणाला, "अक्का, पोरगी एकदाही पेंगली नाही. मी मधे एकदा डोळा किलकिला करून पाहिलं."

त्या मुलीविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. तिच्यावर कारवाई करू नये. शक्य असल्यास बढती द्यावी.

७. अहवालात शेरा आला, "निद्रा उत्तम." त्यापाठोपाठ आपले ९ मार्चचे पत्र आले. त्यातला युक्तिवाद मी इथे उतरवते, कारण एवढा घट्ट विणलेला कागद माझ्या पाहण्यात नाही. झोपेची तक्रार सिद्ध होत नाही. वेदना झोप नसल्यामुळे होते अशी नोंद आहे, आणि झोप तर आहे, म्हणून वेदनेला कारण उरत नाही. मेंदूच्या इजेची म्हणून याच दोन तक्रारी नोंदलेल्या आहेत आणि दोन्ही नाहीत, म्हणून इजा बरी झाली. इजा बरी झाली, म्हणून वेदना विभागातले उपचार बंद. आणि पुनर्वसन केंद्राच्या प्रतीक्षा यादीत रुग्णाचे जे नाव चौथ्या क्रमांकावर होते, ते वगळण्यात येत आहे. खाली छापील ओळ, "आपल्या निरोगी आयुष्यास शुभेच्छा."

धाकट्याने हे पत्र वाचले तेव्हा त्याच्या कपाळाला ओला रुमाल बांधलेला होता आणि खिडकीला चादर लावलेली होती. पत्राची घडी घालून म्हणाला, "अक्का, मी बरा झालो. तुला कुणी कळवलं नाही?"

तो तेव्हा झोपला होता म्हणून अडचण, मग झोपत नाही म्हणून अडचण, आणि आता पुन्हा झोपला म्हणून अडचण. आपल्या कार्यालयाला माझ्या भावाने नेमके कधी झोपलेले चालेल, तेवढे कळवले असते तर आम्ही तशी तयारी केली असती.

८. पत्र घेऊन मी खिडकी तीनवर गेले. लिपिकसाहेब म्हणाले, "आजी, लोक झोप येत नाही म्हणून भांडतात. झोप आली म्हणून भांडणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मी म्हटले, "झोप आली कारण तुमची मुलगी जागी होती. तिला रोज पाठवता का?"

"तशी तरतूद नाही. आणि तुम्ही आहात की!"

खिडकी चारवर गेले. त्यांनीही सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुम्ही आहात की." मग वरच्या मजल्यावर. तिथल्या बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि मायेने म्हणाल्या, "मावशी, त्यांचं नशीब चांगलं. तुम्ही आहात ना."

मी आहे, हे मला मान्य आहे. पण कोणत्या नियमाखाली आहे, ते मला कुठे सापडेना. म्हणून जिन्याजवळच्या फलकावर लावलेली आपली नियमावली मी चष्मा पुसून पूर्ण वाचली. तीत कलम बारा आहे, "सहाय्यक साधने". काठी, चष्मा, श्रवणयंत्र, चाकांची खुर्ची. ज्याच्याशिवाय रुग्णाचे नित्य व्यवहार होऊ शकत नाहीत ते साधन, अशी व्याख्या दिली आहे. महोदय, ती व्याख्या वाचताना मला आरशात बघितल्यासारखे झाले.

तेव्हा माझे म्हणणे असे की, मी कलम बाराखालील साधन आहे. चष्मा लावून माणसाने अक्षरे वाचली तर त्याचे डोळे उत्तम, असा शेरा कुणी डॉक्टर मारत नाही. काठी टेकत चालणाऱ्याला पाय बरा झाल्याचे पत्र जात नाही. माझ्या भावाची तपासणी त्याचे साधन लावून झाली. फरक इतकाच की त्या रात्री साधन सरकारी होते आणि माझ्यापेक्षा पन्नास वर्षांनी नवे होते.

त्याच कलमात खाली बारीक अक्षरांत आहे की, साधन दुरुस्तीसाठी दिले असल्यास त्या काळात पर्यायी साधन पुरवावे.

९. मला दुरुस्तीसाठी जायचे आहे. दिनांक १९ एप्रिलला माझ्या डाव्या खुब्याची शस्त्रक्रिया आहे. दहा दिवस रुग्णालयात, त्यानंतर तीन महिने फार वेळ बसायचे नाही. डॉक्टरांनी रात्री झोपेची गोळी लिहून दिली आहे. "आजी, आता तुम्ही शांत झोपायचं, बाकी काही करायचं नाही," असे ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर चिठ्ठी फाडणे बरे दिसले नसते, म्हणून पर्समध्ये ठेवली आहे.

खरे सांगायचे तर दुरुस्ती खुब्यापुरती नाही. गेल्या वर्षभरात मी तीनदा पेंगले. तिसऱ्या वेळी जाग आली तेव्हा पलंग रिकामा होता. धाकटा स्वयंपाकघरात ओट्याखाली गुडघे पोटाशी घेऊन बसला होता आणि दोन्ही हातांनी डोके दाबत होता. दोन दिवस त्याचे डोके उतरले नाही. मी म्हटले, "चुकले रे." तर म्हणाला, "झोप कुणाला येत नाही, अक्का?" हे वाक्य तो कुणाबद्दल म्हणत असतो, ते वर परिच्छेद एकमध्ये लिहिले आहे. तेव्हापासून मला विणताना टाके मोजावे लागतात.

पुनर्वसन केंद्र मी स्वतः जाऊन पाहून आले आहे. प्रत्येक खोलीबाहेर रात्री एक परिचर असतो, बसून नव्हे, फेऱ्या मारून जागा राहतो. मी त्यांच्यातल्या एकाला विचारले, "रात्री कुणी हाक मारली तर?" तो म्हणाला, "मी आहे ना." त्याला काही कल्पना नव्हती की तो किती मोठे बोलला. यादीतला चौथा क्रमांक एप्रिलमध्ये लागणार होता. दोन वर्षे वाट पाहून लागणार होता.

१०. एक गोष्ट लपवली असे नंतर म्हटले जाऊ नये म्हणून लिहिते. आई गेली तेव्हा धाकटा तीन वर्षांचा होता, वडील त्याच्याही आधी गेले होते. मी वीस वर्षांची, एक्स्चेंजमध्ये नुकतीच लागलेली. रात्रपाळी असली की त्याला घरी कुठे ठेवणार? बरोबर न्यायची. बोर्डाच्या खाली तारांचे मोकळे झालेले खोके असायचे, त्यात माझी शाल अंथरून त्याला ठेवायची. वर पिना खटखटत आणि आम्ही सात बायका "नंबर सांगा, नंबर सांगा" करत असायचो, खाली हा. मध्येच माझ्या पायाचा अंगठा ओढून विचारायचा, "अक्का, जागी आहेस?" मी पायानेच त्याला थोपटायची. मुख्य बाई फेरीवर आल्या की खोक्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "मला इथं काही दिसत नाही." असे अधिकारी तेव्हा होते.

यावरून त्याची ही सवय लहानपणापासूनची आहे, सैन्याचा संबंध नाही, असा निष्कर्ष कार्यालय काढील, या भीतीने हा मजकूर सहाही अर्जांत दिला नव्हता. पण मधली एकोणीस-वीस वर्षे तो बराकीत, ट्रकमध्ये, उभ्या उभ्या, कुठेही झोपत होता. सुट्टीवर आला की कानाशी ढोल वाजवला तरी उठत नसे. मी चिडून त्याच्या तोंडावर पाणी मारलेले आहे. ती वर्षे त्याने आपल्याला दिली होती, महोदय, आणि तो झोपणारा माणूस होता. परत मिळाला तो हा.

११. तरी नम्र विनंती की, २० फेब्रुवारीच्या अहवालावर "ही झोप पहाऱ्यात लागली" एवढी एक ओळ लिहावी. वेदना विभागातले उपचार पुन्हा सुरू करावेत. आणि यादीतला चौथा क्रमांक धाकट्याला १९ एप्रिलच्या आत परत द्यावा. त्याच्यामागे आता जे चौथे झाले असतील त्यांना पाचवे व्हावे लागेल. त्यांच्या घरी कुणी जागे असेल तर मला त्यांचा पत्ता द्यावा, मी स्वतः जाऊन क्षमा मागेन.

यांपैकी काहीच शक्य नसल्यास १९ तारखेच्या रात्री दहा वाजता तो विचारील तेव्हा काय सांगायचे, ते लेखी कळवावे. "तशी तरतूद नाही" हे उत्तर त्याला देऊ नये. त्याने झोप येणार नाही.

सोबत आमच्या जुन्या एक्स्चेंजमधल्या पाळीच्या वहीचे एक कोरे पान जोडले आहे. निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून फाडून आणले होते. ही चोरी मी कबूल करते. देणारीच्या रकान्यात मी सही केली आहे. शेजारचा रकाना आपल्यासाठी मोकळा आहे. तिथे सही होईपर्यंत मला खुर्चीवरून उठता येत नाही, आणि महोदय, मला आता उठायचे आहे.

आपली, हे लिहीपर्यंत जागी असलेली,

(सही)
अर्जदार, रुग्णाची थोरली बहीण

दिनांक : २७ मार्च

सोबत :
१) निद्रा तपासणी अहवालाची प्रत.
२) ९ मार्चच्या पत्राची प्रत. (शुभेच्छांसह.)
३) माझ्या शस्त्रक्रियेच्या तारखेची चिठ्ठी. झोपेच्या गोळीची चिठ्ठी वेगळी आहे, ती जोडलेली नाही.
४) तपासनीस मुलीसाठी एक स्वेटर, निळा. माप अंदाजाने घेतले आहे.
५) पाळीच्या वहीचे पान. देणारीची सही : झाली. घेणाऱ्याची सही :